तांब्याचा मोर

आमच्याकडे तांबं दोन ठिकाणी असतं. एक देवघरात आणि दुसरं शेतातल्या मोटारीत.

देवघरातलं तांबं लाडाचं. ताम्हन, पळी, पंचपात्री, कलश. सणवार जवळ आला की घरातलं कोणीतरी चिंच-मीठ घेऊन त्यांच्या मागे लागतं आणि त्यांचा पुरता रंग उतरवल्याशिवाय सोडत नाही. मोटारीतलं तांबं मात्र जन्मभर अंधारात. ते दिसतं ते जळाल्यावर. ऐन पपईला पाणी द्यायच्या दिवसांत व्होल्टेज पडतं, मोटार कण्हायला लागते, जळक्या वार्निशाचा वास सुटतो आणि मालक ती मोटार मोटारसायकलवर घालून शहाद्याच्या नाहीतर नंदुरबारच्या वाइंडिंगच्या दुकानात घेऊन येतो. तिथे जुनी तार ओरबाडून काढतात आणि नवी भरतात. जुनी तार कोपऱ्यात पडते. काळपट, तांबूस, गुंतलेली, भंगारवाल्याच्या वाटेवर डोळे लावून.

मोटार भरून मिळेपर्यंत दुसरा उद्योग नसतो, म्हणून माणूस त्या ढिगाकडे बघत बसतो. निदान मी तरी बसतो. थोड्या वेळानं त्यात काहीही दिसायला लागतं. विहिरीवर लोंबणारं सुगरणीचं घरटं दिसतं, चांदसैलीच्या घाटातल्या उन्हाळी वेली दिसतात, पिसारा झाडून टाकलेला मोर दिसतो. असाच एकदा मोर दिसला आणि मनात आलं, की देवघर आणि मोटार यांच्यामध्ये तांब्याला तिसरी एखादी जागा असायला काय हरकत आहे? या तारेचा, पत्र्याचा, नळीचा जोडून केलेला एखादा मोर नंदुरबारात का असू नये?

आता असा विचार पहिल्यांदा माझ्याच डोक्यात आला असता तर मी गप्प बसलो असतो. पण तो तिकडे चेन्नईला फार आधी येऊन गेलेला आहे. के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६६मध्ये समुद्रकाठी चोलमंडल नावाचं कलावंतांचं गाव वसवलं. त्यांचा मुलगा एस. नंदगोपाल (१९४६–२०१७) आयुष्यभर तांबं आणि पितळ गॅसवर जोडत राहिला. गरुड, पक्षी, झाडं, खांद्यावर कावड घेतलेले भक्त, पुराणांतले आणि लोककथांतले सगळे जीव त्याच्या शिल्पांत येऊन बसलेले आहेत. विशेष म्हणजे गडी आधी भौतिकशास्त्र शिकला आणि मग शिल्पकलेकडे वळला. तांब्याशी झुंज घ्यायची तर शिक्षणाचा हाच क्रम बरोबर, हे मला पुढे कळलं. त्याच गावातले पी. व्ही. जानकीराम तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून मूर्ती घडवायचे आणि वर तारांचे दागिने जोडायचे. दक्षिणेत देवाच्या दगडी मूर्तीवर धातूचं कवच चढवतात, त्याची आठवण त्यांची कामं बघून येते. आपल्याला हे काही परकं नाही. खंडोबाचा मुखवटा काय किंवा देव्हाऱ्यातले टाक काय, पातळ पत्र्यात देव उठवायचा आणि तो समोरूनच बघायचा, ही आपलीही जुनी रीत. मागून देव कसा दिसतो हे विचारायची पद्धत आपल्यात नाही.

तेव्हा मी कामाला लागलो. कामाला लागणं म्हणजे चौकशी करणं. ती मला जमते.

आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका दुकानात गेलो. ट्रॉली, गेट, जाळ्या, कूलरचे स्टँड, सगळं तिथे होतं. मालकाला सांगितलं, तांब्याचा मोर करायचा आहे. त्यानं काळी काच डोळ्यांवरून वर सरकवली आणि सरळ सांगितलं, "नही भाऊ. तांबं पळतं."

हे वाक्य भौतिकशास्त्राच्या पुस्तकात घालायला हवं. लोखंड सरळमार्गी. जिथे आच द्याल तिथेच ते तापतं, तिथेच वितळतं, तिथेच चिकटतं. तांबं लोखंडाच्या साधारण पाचपट वेगानं उष्णता वाहून नेतं. तुम्ही चोचीला ज्योत लावावी आणि शेपटी धरलेल्या माणसानं बोंब मारावी. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, म्हणजे लोखंडापेक्षा चांगलेच कमी, त्यामुळे नवख्याला वाटतं की हे सोपं काम. पण जोड लागायला ती आच तिथे थांबायला तर हवी! ती सगळीकडे वाटली जाते. मग अख्खा पत्रा आधी तापवून घ्यावा लागतो. तापला की तो वाकतो. वाकला की मोराचा बगळा होतो. शिवाय बाजारात मिळणाऱ्या साध्या तांब्यात थोडा प्राणवायू मुरलेला असतो. गॅसच्या ज्योतीतला हायड्रोजन आत शिरला की दोघांची वाफ होते, आणि ती वाफ जोडाला आतून तडे पाडते. वरून जोड सुरेख दिसतो आणि मोराची मान एखाद्या दुपारी आपोआप गळून पडते.

"मग हे काम करतं कोण?" मी विचारलं. ट्रॉलीवाल्यानं हातानंच रस्त्यापलीकडे दाखवलं. तिकडे फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं दुकान होतं.

मला हे सुचायला हवं होतं. फ्रिजच्या पोटात आणि एसीच्या पाठीशी तांब्याच्याच नळ्या असतात, आणि गॅस बाहेर जाणार नाही असा त्यांचा जोड मारणं हाच या माणसाचा रोजचा धंदा. आमच्याकडचं ऊन बघता हा धंदा बुडायची भीती नाही. त्याच्याकडे तांबं आणि फॉस्फरसची एक बारीक कांडी होती. तांब्याला तांबं जोडताना तिला टाकणखारसुद्धा लागत नाही. फॉस्फरस स्वतःच जोडाची जागा साफ करतो. शास्त्रानं बघायला गेलं तर हे वेल्डिंग नव्हे. यात मूळ तांबं वितळत नाही, फक्त कांडी वितळते आणि दोन तुकड्यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत आपणहून ओढली जाते. जाणकार याला ब्रेझिंग म्हणतात. पण मोराला कोण विचारतंय?

त्यानं मला एक नळीचा तुकडा तापवून दाखवला. ज्योतीला कडेनं हिरवी झाक आली. नळी लालसर झाली. कांडीचं टोक टेकवलं तसा एक चकचकीत थेंब जोडाभोवती सरकन फिरला आणि आत नाहीसा झाला. हे इतकं झटपट झालं की मी पुन्हा करून दाखवा म्हटलं. त्यानं कांडीच्या किमतीकडे बघून माझ्याकडे बघितलं, पण करून दाखवलं.

खरी मौज पुढे. नळी बाजूला ठेवली आणि ती निवत असताना जोडापासून दूरच्या अंगावर रंग उमटलेले दिसले. आधी नारिंगी, मग जांभळा, मग निळसर, त्याच्यापुढे रुपेरी सोनेरी. तांब्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा धरतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग बदलतात. पाण्यावर सांडलेल्या डिझेलला रंग येतात ते याच न्यायानं. आच थोडी जास्त झाली की सगळं काळं पडतं. योग्य क्षणी ज्योत उचलता आली पाहिजे. म्हणजे मोराचा पिसारा रंगवायला ब्रश नको आणि डबाही नको. मेकॅनिकला हे रंग रोजच दिसतात. तो ते कापडानं पुसून टाकतो, कारण गिऱ्हाइकाला वाटतं की नळी जुनी घातली.

एसीवाला शिल्पकार कसा होईल, असं कोणी म्हणेल. हुलिओ गोन्झालेझ हा स्पेनचा शिल्पकार गॅसची जोडणी १९१८मध्ये फ्रान्सात रेनॉच्या मोटारींच्या कारखान्यात काम करताना शिकला. पुढे दहा वर्षांनी पिकासोला धातूची शिल्पं करावीशी वाटली तेव्हा तो या गोन्झालेझकडेच मदतीला गेला. विसाव्या शतकातल्या धातुशिल्पाची एक मोठी वाट अशी गाड्यांच्या कारखान्यातून निघालेली आहे. त्याआधी अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या स्वातंत्र्यदेवतेलासुद्धा जोड मारायला गॅस नव्हता. तिचा जेमतेम अडीच मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा रिव्हेट ठोकून आतल्या लोखंडी सांगाड्यावर बसवला. १८८६मध्ये ती उभी राहिली तेव्हा तांब्याच्या रंगाची होती. हिरवी ती नंतर समुद्राच्या हवेनं झाली.

आणि तांब्याच्या जनावरांच्या बाबतीत आपल्या मुलखानं कोणापुढे मान खाली घालायचं कारणच नाही. १९७४मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला छबू लक्ष्मण भिल्ल हा माणूस झुडपाचं मूळ खणत होता. मूळ निघालं की नाही हे इतिहासाला माहीत नाही, पण खाली हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ निघाला. सगळे भरीव, ओतीव, मिळून साठ किलोंच्या वर. रथ ४५ सेंटिमीटर लांब, त्यावर १६ सेंटिमीटरचा उभा सारथी, पुढे दोन बैल, आणि दांड्यावर एक कुत्रा. रेडा ३१ सेंटिमीटर उंच, चार चाकांच्या पाटावर. गेंड्यालाही चाकं. हत्तीची चाकं तेवढी हरवलेली. रथ आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि बाकीचे तिघे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भेटतात.

या चौघांच्या वयावरून विद्वानांमध्ये जुंपली. एका पक्षानं सांगितलं, हे उत्तर हडप्पा काळातले, साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे. डी. पी. अगरवाल यांनी धातू तपासून घेतला आणि म्हटलं, यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे. त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूत असं आढळत नाही, तेव्हा हे इतके जुने नसावेत. रेडा दोन्ही पक्षांचं ऐकून घेतो. त्याच्या चेहऱ्यावर जो शांत हट्ट आहे तो बघितला की वाटतं, घडवणाऱ्यानं हा रेडा पुस्तकात बघितलेला नाही, दावणीला बघितलेला आहे. गेंड्याचंही तेच. त्याच्या अंगाच्या घड्या ऐकीव वाटत नाहीत.

दायमाबादला जी सगळ्यात खालची, सगळ्यात जुनी वस्ती सापडली, ती सावळदा संस्कृतीची. हे नाव आमच्या तापीच्या खोऱ्यातलं. त्या लोकांच्या मडक्यांवर पक्षी, प्राणी, मासे, बाण, गळ असं काय काय काळ्या रंगात रंगवलेलं असतं. गोमाई जिथे तापीला मिळते त्या प्रकाशे गावी बी. के. थापर यांनी १९५५मध्ये उत्खनन केलं, तिथेही ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली. म्हणजे नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला झाला असला तरी इथल्या माणसाची तांब्याशी ओळख ही धुळ्यापासून वेगळं होण्याच्या बरीच आधीची आहे.

पण ओतीव काम आणि जोडकाम यांच्यात एक फरक आहे, आणि माझा जीव जोडकामावर आहे. ओतीव रेडा एकसंध असतो. तो कुठून सुरू झाला हे कळत नाही. जोडकामात शिवण दिसते. इथे मान लावली, इथे पंख लावला, हे लपत नाही, आणि चांगला कारागीर ते लपवायला जातही नाही. आमच्या भागातल्या दंतकथा मला तशाच गॅसनं जोडलेल्या वाटतात.

अस्तंब्याचंच घ्या. धनत्रयोदशीच्या सुमाराला तळोद्याकडून लोक मशाली, बॅटऱ्या घेऊन अस्तंब्याच्या डोंगरावर चढतात, कारण वर अश्वत्थामा आहे. महाभारतातला हा माणूस कुरुक्षेत्रावरून उठून सातपुड्यात कसा आला? जोड अगदी स्पष्ट दिसतो. इकडे व्यासांचा अश्वत्थामा, तिकडे आमचा डोंगर, आणि मध्ये कोणीतरी अनामिक माणसानं अशी कांडी फिरवलेली की आज दोन्ही वेगळे करायचे म्हटले तर डोंगर तुटेल. हा अश्वत्थामा कपाळाच्या जखमेवर लावायला तेल मागत हिंडतो. व्यासांच्या कथेत कृष्णानं त्याला शाप देऊन सोडून दिलं. त्याच्या तेलाची काळजी आमच्या लोकांनी केली. आणि वाट चुकलेल्याला तोच वाट दाखवतो, असंही सांगतात. महाभारतभर स्वतः वाट चुकलेल्या माणसाला हे काम देणं, यात केवढा समंजसपणा आहे!

सारंगखेड्याला बघा. दत्तजयंतीला तिथे दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेत बाजार भरतो तो घोड्यांचा. दत्ताच्या परिवारात गाय आहे, चार कुत्रे आहेत. घोडा मी तरी कुठल्या तसबिरीत पाहिलेला नाही. पण तापीकाठी घोडा आणि दत्त असे काही जोडले गेलेत, की मारवाडी घोडी पायात चाळ बांधून नाचायला लागली की लोक आधी तिला बघतात, मग देवळाकडे हात जोडतात. देवमोगऱ्याचं देऊळ तर गुजरातेत सागबाऱ्याकडे. महाशिवरात्रीला आमच्याकडच्या अक्कलकुवा, तळोदा, नवापूर भागातून बांबूच्या टोपलीत पूजेचं सामान घेऊन माणसं तिथल्या याहामोगीला निघतात. धान्याची देवी ती, दुष्काळात लोकांना जगवणारी. राज्यं दोन आणि देवी एक. हा जोड राज्य पुनर्रचनेच्या आधीचा, त्यामुळे सरकारलाही तो तोडता आला नाही.

काठी गावच्या होळीला तर माणूसच जोडशिल्प होतो. नवस केलेले गडी अंगावर राखेचे ठिपके काढतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप चढवतात, कमरेला वाळक्या भोपळ्यांची आणि घुंगरांची माळ बांधतात. मोर, भोपळा, राख आणि माणूस. रात्रभर ढोलावर हे सगळं हलतं आणि एकही जोड सुटत नाही. हे बघितल्यावर तांब्याच्या मोराला डौल कुठून आणायचा असा प्रश्न उरत नाही. उलट तांब्याच्या मोराची पंचाईत अशी, की खरा मोर बाजूला राहिला, काठीच्या मोरापुढे त्याचं काय होणार?

घरी हा बेत सांगितला तेव्हा पहिला प्रश्न आला तो घासण्याचा. "एवढी पिसं घासणार कोण?" कलादालनात तांब्यावर काट चढला, हिरवट छटा आली की लोक दोन पावलं मागे सरकून 'वा' म्हणतात. तिकडे शिल्पकार मुद्दाम आम्लं लावून ती छटा आणतात. आपल्याकडे त्याला कळकट म्हणतात आणि पितांबरी आणायला पाठवतात. मी समजावून सांगितलं की ज्योतीनं आलेले निळे-जांभळे रंग वरून पारदर्शक लॅकर मारून टिकवायचे असतात, चिंचेचा एक हात फिरला की मोराची कोंबडी होईल. ते सगळ्यांनी ऐकून घेतलं. पण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी गावाला असलो आणि मोर घरात असला, तर काय होईल याची मला पूर्ण कल्पना आहे.

म्हणून ठरवलं की मोर घरात नको. मेकॅनिकनं तोपर्यंत फावल्या वेळात नळ्यांच्या तुकड्यांची मान आणि पत्र्याचं धड जोडून बघितलं होतं. पाय अजून लागायचे होते. शेजारच्या चहावाल्यानं ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, "हाऊ मोर शे का कोंबडा?" मेकॅनिक म्हणाला, पिसारा लागला की मोर, तोवर काय समजायचं ते समजा. आणि पिसारा पावसाळ्यात. आत्ता सगळ्यांचे एसी बंद पडतात.

प्रश्न राहिला जागेचा. चौकात ठेवावा तर डीपीतलं तांबं जिथे जागेवर राहत नाही, तिथे मोर किती रात्री काढणार? यावर तोडगा काढला तो वाइंडिंगच्या दुकानात मोटार घेऊन आलेल्या नवापूरकडच्या मावची समाजातल्या एका म्हाताऱ्यानं. त्यांच्या शिवेवर वाघदेव आहे. लाकडावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. "त्याच्या बाजूले ठेवा. कोणी हात नाही लावणार."

मला हे एकदम पटलं. राखण वाघदेवाची, खर्च शून्य. म्हाताऱ्यानं थोडा विचार केला आणि पुढे सांगितलं की एकदा तिथे ठेवला म्हणजे तो देवाचा झाला. मग वाघदेवाच्या पूजेला त्याचंही नारळ आलं, कोंबडी आली. आणि ते दरसाल. मध्ये खंड पडून चालत नाही.

"मोराला कोंबडी?" मी विचारलं.

"मग काय, धान टाकता?" म्हातारा म्हणाला, आणि त्याची मोटार भरून झाली का ते बघायला आत गेला.